पाचव्या स्थानाचं चित्र

त्या दिवसांत माझी प्रार्थना आटली होती. जपमाळ उशाशी असायची, बोटं सवयीने मण्यांवरून फिरायची, पण आतून शब्द यायचा नाही. देवावर रागावले होते असंही म्हणता येणार नाही. रागवायलासुद्धा अंगात थोडं बळ लागतं. मी फक्त दमले होते. ऑस्टिनला, माझ्या नवऱ्याला, पक्षाघाताचा झटका आला तेव्हा सुरुवातीला मीही हिमतीने उभी राहिले. नातेवाईक येत होते, चर्चमधल्या बायका डबे आणून देत होत्या, मेलबर्नहून मुलगी येऊन राहून गेली. मग हळूहळू सगळे आपापल्या कामाला लागले, तसं होणारच, आणि घरात आम्ही दोघंच उरलो. त्याची उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. घशातून एक हुंकार तेवढा निघायचा, त्याचा अर्थ मी लावायचा. सकाळी त्याला पलंगावरून उठवून खुर्चीत बसवायचं, खुर्चीतून न्हाणीघरात न्यायचं, परत खुर्चीत, दुपारी पुन्हा पलंगावर. धिप्पाड माणूस तो, विमानतळावर मालाच्या विभागात उभा जन्म काढलेला. मदतीला बाई ठेवून पाहिली, पण त्याचं वजन पाहून कोणी टिकायची नाही. त्याला उचलता उचलता माझी कंबर, माझे गुडघे आणि माझी श्रद्धा, सगळंच झिजत चाललं होतं.

आम्ही अंधेरीच्या एका जुन्या ख्रिस्ती गावठाणात राहतो. चहूबाजूंनी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, तरी आमच्या गल्ल्यांत अजून दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावं लागतं. मी इथल्याच शाळेत मराठी शिकवायचे, त्यामुळे निवृत्त झाले तरी सगळ्यांची टीचरच राहिले. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आमचे फादर आजारी माणसांना कम्युनियन, म्हणजे पवित्र भाकरीचा प्रसाद, द्यायला घरोघरी येतात. दिवाळीनंतरच्या अशाच एका शुक्रवारी ऑस्टिनला कम्युनियन देऊन झाल्यावर ते निघेनात. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "टीचर, एक काम आहे तुमच्याकडे."

काम असं होतं. आमच्या चर्चच्या दोन्ही भिंतींवर क्रुसाच्या वाटेची चौदा चित्रं आहेत, येशूला शिक्षा सुनावली तिथपासून त्याला कबरेत ठेवलं तिथपर्यंतची. एकेका चित्राला आम्ही स्थान म्हणतो. इस्टरच्या आधी उपवासकाळ येतो, त्यात दर शुक्रवारी सगळे मिळून एकेका स्थानापाशी थांबत प्रार्थना म्हणत पुढे जातात. त्या पावसाळ्यात भिंतीत पाणी मुरलं आणि पाचव्या स्थानाचं चित्र गेलं. लाकडाच्या फळीवरचा जुना रंग पोपडे धरून गळून पडला. पाचव्या स्थानी शिमोन नावाचा एक परमुलखातला माणूस असतो. येशूला क्रूस पेलवेना, तेव्हा शिपायांनी रानातून परत येणाऱ्या या शिमोनला वाटेतच धरलं आणि क्रूस त्याच्या खांद्यावर दिला. शुभवर्तमानात त्याची एवढीच गोष्ट आहे.

"नवीन चित्र करून घ्यायचंय," फादर म्हणाले. "चित्रकार शोधण्यापासून ते चित्र भिंतीवर लागेपर्यंत सगळं तुम्ही पाहा."

"फादर, मला वेळ कुठे आहे?"

"नाही, ते दिसतंय मला. म्हणूनच म्हणतो. त्या निमित्ताने चार पावलं बाहेर पडाल."

मला त्यांचा रागच आला. ज्याच्या डोक्यावर आधीच एवढं ओझं आहे त्याच्याच डोक्यावर आणखी एक पाटी ठेवायची, ही कुठली दया, असं वाटलं. पण नाही म्हणायलाही नेट लागतो. मी मान हलवली आणि ते गेले.

चित्रकार कुठे शोधायचा ते मला ठाऊक नव्हतं. शोधलाही नाही. आठवड्यातून दोनदा ऑस्टिनला व्यायामासाठी फिजिओथेरपीच्या केंद्रात न्यावं लागायचं. तिथे आत त्याचे व्यायाम चालत आणि मी बाहेर बाकावर बसून राही. समोरच्या भिंतीवर एक मोठं चित्र रंगवलेलं होतं. कित्येक महिने मी त्याच्यासमोर बसत होते, पण पाहिलं असं कधी नव्हतं. फादर येऊन गेल्यावर एक दिवस पाहिलं. वर्सोव्याचा किनारा, होड्या, वाळत घातलेले बोंबील, आणि पुढे दोन कोळणी. एक वाकून माशांची पाटी उचलते आहे आणि दुसरी तिच्या डोक्यावर ती चढवायला हात देते आहे. पाटीत काय आहे ते दिसत नव्हतं, पण तिचं वजन दिसत होतं. उचलणारीच्या मानेची शीर, हात देणारीची रोवलेली टाच. मी बसल्या जागी माझ्या कंबरेवर हात ठेवला. मग उठून काउंटरवरच्या मुलीला विचारलं, हे कोणी काढलंय. तिने नंबर दिला. नाव होतं स्नेहल.

स्नेहल कांजूरमार्गला राहायची. शेजारच्या मार्थाला ऑस्टिनजवळ बसवून मी तिला भेटायला गेले. जुनी बैठी चाळ होती, वारा फिरला की कचऱ्याच्या डेपोचा वास घरात यायचा आणि त्याचं तिथे कोणाला काही वाटत नव्हतं. स्नेहल चाळिशीची असेल. मूळची कोकणातली, वडील गिरणीत होते. एका शाळेत चित्रकला शिकवायची आणि उरलेल्या वेळात भिंती, पडदे, नाटकांची नेपथ्यं, मिळेल ते रंगवायची. मी चर्चचं नाव काढल्यावर ती थोडी बावरली.

"आंटी, खरं सांगू ना? मला येशूची फार माहिती नाही. आणि देवाचं चित्र म्हटलं की मला भीतीच वाटते. चुकलं तर?"

"मुख्य माणूस येशू नाही," मी म्हटलं. "मुख्य माणूस शिमोन." आणि तिला ती गोष्ट सांगितली, वर्गात सांगायची तशी.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे त्याला कोणी विचारलंच नाही? उचलशील का म्हणून?"

"नाही. धरला आणि खांद्यावर दिलं."

"मग पुढे त्याचं काय झालं?"

"ते लिहिलेलं नाही."

"त्याला राग आला असेल," ती म्हणाली. "दिवसभर रानात राबून घरी चालला असणार. म्हणाला असेल, मीच का?"

इतकी वर्षं मी क्रुसाची वाट चालत आले, पण पाचव्या स्थानापाशी शिमोनला राग आला असेल असं माझ्या कधी मनात आलं नव्हतं. आम्ही त्याला पुण्यवान समजून पुढे जायचो. मी तिला म्हटलं, "तूच काढ हे चित्र."

आमच्या चर्चच्या समितीत मात्र गडबड झाली. बर्नर्डने विरोध केला. बर्नर्ड म्हणजे ऑस्टिनचा लहानपणापासूनचा दोस्त. एकाच गल्लीत वाढलेले, चर्चच्या मैदानावर एकत्र हॉकी खेळलेले. ऑस्टिन आजारी पडल्यावर तो एकदाच आला होता, दारातून त्याला पाहून मागे फिरला होता, आणि पुन्हा आला नव्हता. समितीत तो म्हणाला, "तयार मिळतात की फायबरची, सुंदर. बाहेरची बाई कशाला? ती आपल्यातली नाय. आपला क्रूस तिला काय कळणार?"

मी वाद घातला नाही. तेवढं त्राणच माझ्यात नव्हतं. फादरच म्हणाले, "बर्नर्ड, क्रूस उचलायला ज्याला धरला तो तरी कुठे आपल्यातला होता?" बर्नर्डला ते पटलं नाही हे दिसत होतं.

पुढचे दिवस तसेच कंटाळवाणे गेले. स्नेहल रेखाटनं करून पाठवत होती आणि स्वतःच रद्द करत होती. पहिला शिमोन आखाड्यातल्या पहिलवानासारखा झाला, दुसरा नाटकातल्या साधूसारखा. "आंटी, वजनच येत नाही त्यात," ती फोनवर म्हणायची. "क्रूस थर्माकोलचा वाटतो." मी हो हो म्हणायचे. कधी वाटायचं, सांगून टाकावं, बाई, काढ काहीतरी आणि संपव. मला ऑस्टिनचं पथ्यपाणी, औषधं, पाठीला व्रण पडू नये म्हणून दर थोड्या वेळाने कूस बदलणं, यातून डोकं वर काढता येत नव्हतं. ख्रिसमसही असाच गेला. चर्चच्या घंटा ऐकल्या आणि खिडकी लावून घेतली, कारण ऑस्टिन नुकता झोपला होता.

जानेवारीत ती चर्चमधली जागा पाहायला आली. भिंतीवर उजेड कुठून पडतो, लोक किती लांबून बघतात, ते सगळं तिने निरखलं. मग पाणी प्यायला घरी आली. नेमकी ऑस्टिनला खुर्चीतून पलंगावर न्यायची वेळ होती. मी तिला म्हटलं, बस जरा, आणि नेहमीप्रमाणे कामाला लागले. त्याच्यासमोर वाकायचं, त्याच्या काखेतून हात घालायचे, त्याची हनुवटी माझ्या खांद्यावर टेकवायची, आणि श्वास धरून उठायचं. ती माझ्या मागे, दाराशी बसली होती. झाल्यावर मी वळले, तर तिच्या मांडीवर वही होती.

"आंटी, चालेल ना? मी न विचारताच काढलं."

मी म्हटलं, ऑस्टिनला विचार. ती त्याच्याजवळ गेली, वाकून विचारलं, "काका, मी तुमचं चित्र काढलं तर चालेल?" तो हुंकारला. तिला त्याचा अर्थ माझ्याकडून घ्यावा लागला नाही. त्यानंतर ती दोन-तीनदा येऊन गेली, मी ऑस्टिनला उठवताना मागे बसून काढायची. काय काढते ते मी कधी पाहिलं नाही. आपली दमलेली पाठ कोणाला पाहायची असते?

उपवासकाळ तोंडावर आला होता तेव्हाची गोष्ट. सकाळी ऑस्टिनची अंघोळ आटोपली आणि त्याला न्हाणीघरातून बाहेर काढताना ओल्या फरशीवर त्याचा पाय घसरला. तो खाली आला, त्याच्याबरोबर मीही. भिंतीचा आधार होता म्हणून आम्ही दोघंही हळूच घसरत बसलो, कोणाला लागलं नाही. पण उठता येईना. मी त्याच्या काखेत हात घालून जोर लावला. नाही. गुडघ्यावर बसून लावला. नाही. मग कंबरेत अशी कळ आली की मला स्वतःलाही हलता येईना. स्वयंपाकघरात माझा फोन वाजत राहिला आणि बंद झाला. मार्था एका लग्नासाठी वसईला गेली होती. हाक मारली असती तर गल्लीतलं कोणीतरी आलंही असतं, पण ऑस्टिनच्या अंगावर फक्त पंचा होता, आणि ज्याला सगळ्या गावठाणाने मैदानावर धावताना पाहिलंय त्याला असं कोणी पाहावं हे मला सहन होत नव्हतं. मी गप्प बसले. नळ ठिबकत होता. ऑस्टिन माझ्याकडे पाहत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

तेव्हा मी म्हटलं, "मला आता होत नाही. तुला जे करायचं ते कर." मोठ्याने म्हटलं की मनात, आठवत नाही. ऑस्टिनला म्हटलं नव्हतं एवढं नक्की. कित्येक महिन्यांत माझ्या आतून आलेले हेच पहिले शब्द होते. त्यात ना विनवणी होती ना भक्ती. हात टेकले होते, एवढंच.

किती वेळ तसे बसलो होतो कोण जाणे. मग पुढच्या जाळीच्या दाराची कडी वाजली. दिवसा आमच्याकडे मोठं दार उघडंच असतं.

"आंटी?"

स्नेहल होती. आजवर ती फोन केल्याशिवाय कधी आली नव्हती. मी ओ दिली, आणि ती न्हाणीघराच्या दारापर्यंत आली. आम्हाला पाहून दचकली असेल तर तसं तिने दाखवलं नाही. दोरीवरची चादर ओढून आधी ऑस्टिनला नीट पांघरली. मग त्याच्या डोळ्यांसमोर बसून म्हणाली, "काका, मी हात लावू ना?" त्याने हुंकार दिला. तिने एक बाजू धरली, मी भिंतीला धरत दुसरी, आणि आम्ही त्याला वर घेतलं. पलंगावर गेल्यावर त्याने डोळे मिटले. ती म्हणाली, "तुम्ही बसा, चहा मी करते."

चहा घेताना मी विचारलं, "तू कशी आलीस?"

"चित्राची फळी भिंतीवर बसते का ते बघायला चर्चमध्ये आले होते. तुम्हाला फोन केला, उचलला नाही. म्हटलं कामात असाल, जाते सांताक्रूझला, रंग घ्यायचे होते. कोपऱ्यावर रिक्षा मिळाली, बसले पण. मग उतरले."

"का?"

"काय माहीत. वाटलं, बघून जावं."

यावर मी काही म्हणणार नाही. आपल्याला काही वाटतं आणि आपण रिक्षातून उतरतो, असं रोज कितीतरी माणसांचं होत असेल. जे झालं ते मी जसं झालं तसं सांगितलं आहे.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "आंटी, आता आलेच आहे तर दाखवू? मला सापडलंय वाटतं." तिने पिशवीतून कागद काढले आणि पलंगाच्या कडेवर मांडले. सगळे माझ्या पाठीचे होते. माझा गाऊन, सुटलेला अंबाडा, वाकलेले गुडघे, खांद्यावर टेकलेली ऑस्टिनची हनुवटी. आणि प्रत्येक कागदावर, माझ्या कंबरेच्या थोडं वर, ऑस्टिनचा डावा हात.

तो हात मला माहीत होता. उचलताना तो पाठीत रुतायचा. मला वाटायचं, बुडणारा माणूस जवळच्याला आवळतो तसा तो मला आवळतोय आणि माझं ओझं वाढवतोय. कितीदा तरी मी वैतागून म्हणायचे, "ओढू नकोस रे."

"ओढत नाहीत ते," स्नेहल म्हणाली. "बोटं बघा ना. घट्ट धरलेलं असलं की बोटं वळतात. ही मोकळी आहेत, तळवा टेकलाय. ते खालून वर ढकलतायत तुम्हाला. एकच हात चालतो त्यांचा, तो सगळा तिथे लावतायत. मला पण आधी कळलं नाही. चार वेळा काढल्यावर कळलं."

मी कागद हातात घेतला. माझ्या पाठीमागे रोज घडणारी ती गोष्ट मला कधी दिसण्यासारखी नव्हती. मी ऑस्टिनकडे वळले. तो डोळे उघडून आमच्याकडेच बघत होता. मी विचारलं, "ऑस्टिन, तू मला सावरतोस होय?"

पूर्वी मी घरभर चष्मा शोधत असायचे आणि तो माझ्याच डोक्यावर असायचा, तेव्हा हा जसा बघायचा, अगदी तसाच त्याने माझ्याकडे पाहिलं. मग त्याचा तो हात चादरीवरून सरकत माझ्या हाताशी आला. स्नेहल उठून कप विसळायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

चित्र उपवासकाळाच्या दुसऱ्या आठवड्यात पूर्ण झालं. भिंतीवर लावण्याआधी समितीने ते चर्चच्या मागच्या खोलीत पाहिलं. शिमोन पाठमोरा आहे. मातीने मळलेले पाय, घामाने अंगाला चिकटलेला सदरा, आणि खांद्यावरचं लाकूड असं जड की बघणाऱ्याचा खांदा खाली यावा. येशू त्याच्या पलीकडे आहे, लाकडाच्या सावलीत, निम्मा झाकलेला. त्याचा चेहरा दिसत नाही. दिसतो तो त्याचा एक हात. तो लाकडावर नाही. शिमोनच्या पाठीवर आहे, तळवा टेकून, बोटं मोकळी.

बर्नर्ड म्हणाला, "येशूचा चेहरा कुठे आहे?"

"अंकल, मी काढला होता," स्नेहल म्हणाली. "मग झाकला. ज्याने वजन घेतलंय त्याला तो दिसत नाही ना. पाठीवर हात आहे, एवढंच कळतं. कधी कधी तेही नाही कळत."

बर्नर्डने चष्मा पुसला आणि जवळ जाऊन बघितलं. मी मनाची तयारी करत होते, आता हा चित्र परत पाठवायला लावणार, आणि मला तेव्हा कळलं की ते चित्र तिथे लागावं असं मला फार फार वाटत होतं. कित्येक दिवसांत मला कशाबद्दलच काही इतकं वाटलं नव्हतं. तो वळला तेव्हा त्याचा आवाज बदललेला होता.

"टीचर, ही करंगळी वाकडी आहे."

"हो."

"ऑस्टिनची आहे ती. हॉकी खेळताना माझीच स्टिक लागली होती तिला. मीच त्याला खांद्याला धरून डॉक्टरकडे घेऊन गेलेलो." त्याने पुन्हा त्या हाताकडे पाहिलं. "राहू दे हे चित्र. काय नाय, राहू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऑस्टिनला उठवायच्या वेळी, बर्नर्ड दारात उभा होता. आत येऊन त्याने चपला काढल्या, ऑस्टिनच्या पलंगाशी गेला आणि त्याच्याकडे न बघता मला म्हणाला, "कुठे धरायचं ते दाखव." त्याला इतके दिवस काय झालं होतं ते मी विचारलं नाही. मित्राला तसं पाहवत नाही, हे मला कळत होतं. मलाही पाहवत नव्हतं, फक्त मला दारातून मागे फिरण्याची सोय नव्हती. तेव्हापासून तो येत राहिला. ऑस्टिनशी जुन्या मॅचेसबद्दल एकटाच बोलत बसतो आणि ऑस्टिन हुंकारतो.

पुढच्या शुक्रवारी फादरांनी चित्राला आशीर्वाद दिला. आजारपणानंतर ऑस्टिन पहिल्यांदाच चर्चमध्ये आला, चाकांच्या खुर्चीतून, गल्लीतल्या खड्ड्यांवरून बर्नर्ड आणि मी त्याला ढकलत नेलं. चित्र सगळ्यांना आवडलं असं नाही. एक बाई म्हणाल्या फार काळोखं झालंय, कोणी म्हणालं जुनंच चांगलं होतं. स्नेहल दारातच चपला काढून आत आली, देवळात काढतात तशा, आणि शेवटच्या बाकापाशी हात जोडून उभी राहिली. क्रुसाची वाट सुरू झाली. एकेका स्थानापाशी सगळे गुडघे टेकून उठत होते. पाचव्या स्थानापाशी आलो. मी ऑस्टिनच्या खुर्चीला धरून गुडघे टेकले आणि उठवेना, तेव्हा माझ्या बाजूच्या बाईने हात दिला. मी तो घेतला. पूर्वी मी म्हटलं असतं, राहू द्या, जमतं मला.

ऑस्टिन बरा झाला नाही. वाचा आली नाही, उजवा हात हलला नाही. माझी कंबर आहे तशीच आहे, हिवाळ्यात जास्त दुखते. मी अजून दमते, आणि दमले की पूर्वीसारखीच चिडते. प्रार्थनेत मोठे शब्द अजून येत नाहीत. पण आता मला त्याची खंत वाटत नाही. शरण जाणं म्हणजे आनंदाने ओझं घेणं, असं मी वर्गात मुलांना शिकवायचे. तसं कोणाला जमत असेल तर मी त्याला नमस्कार करते. मला एवढंच कळलं आहे, की ओझं मी एकटीने उचललेलं नव्हतं, आणि ते कळायला एका परक्या बाईला मला माझी पाठ दाखवावी लागली. तिला कोणी पाठवलं हे मी तिला विचारलं नाही, देवालाही विचारलं नाही. आभार मात्र रोज मानते, दोघांचेही.

आता सकाळी ऑस्टिनसमोर वाकल्यावर मी लगेच जोर लावत नाही. त्याच्या काखेतून हात घालते, त्याची हनुवटी खांद्यावर घेते आणि थांबते. थोडा वेळ लागतो. मग पाठीवर तो तळवा येऊन टेकतो, आणि आम्ही उठतो.